फुलाआधीचा पाला

ही गोष्ट मी अनेकदा सांगायला घेतली आणि दरवेळी मध्येच विषय बदलला. निवृत्तीच्या सत्कारात तर माइक हातात होता, सभागृह शांत होतं. तिथेही टाळली. अजून लिहिता येतंय, तोवर लिहून टाकतो.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. बाहेरची औषधं मिळेनाशी झाली होती. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी सांगलीत एका वैद्यबुवांच्या औषधशाळेत लागलो होतो. पावसाळा सरता सरता माधवनगरच्या गिरणी कामगारांच्या चाळींत हाडमोड्या ताप पसरायचा. आज त्याला डेंगी म्हणतात. हा विषाणूचा ताप, तो डासांमुळे पसरतो, एवढं आम्ही पुस्तकात वाचलं होतं. औषध कुणाकडेच नव्हतं. आपल्याकडच्या झाडपाल्यात काहीतरी सापडेल अशी वैद्यबुवांना आशा होती. अर्क काढायचं काम माझं.

पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात एका गावी धनगराच्या घरातली एक बाई तापावर किराईत नावाच्या कडू झुडपाचा काढा देते, असं कळलं. मी निघालो तो वाटेतच अंग मोडून आलं. त्यांच्या दारात पोचलो आणि बसकणच मारली. मग आठ दिवस तिथेच होतो. ओळख ना पाळख, पण त्यांनी मला स्वतःच्या घोंगडीवर निजवलं आणि तो कडूजहर काढा पाजला.

"आवं डागदर, त्वांड वाकडं नगा करू. मेंढराचं कोकरू बी गप पितंय."

"मावशी, मी डॉक्टर नाही."

"मग तर बोलूच नगा. प्या."

मेंढरं घेऊन कोकणात उतरायच्या तेव्हा त्यांनी किराईताचं बी आणलं होतं आणि घरामागे आडाजवळ लावलं होतं. दर आठवड्याला त्या पाण्याचा रांजण रिकामा करून, घासून उन्हात पालथा घालत. पाण्याची एवढी टंचाई असलेल्या गावात लोक त्यांना हसत. त्या म्हणत, "वळवळं झालेलं पानी पिऊन मरू व्हय?" वळवळं म्हणजे डासांच्या अळ्या. ते पाणी त्या किराईताला घालत.

निघताना त्यांनी सावलीत वाळवलेल्या पाल्याचं गाठोडं दिलं. "ह्यो फुलाआधीचा हाय. फूल आलं की झाडाचा जीव बियात जातो. मग पाल्यात काय ऱ्हातंय? काडी."

मी मान डोलावली आणि ते कुठेही लिहून ठेवलं नाही.

त्या पाल्याचा अर्क चाळीतल्या आजाऱ्यांना दिला. अंगदुखी लवकर कमी झाली असं लोक सांगत. हा ताप आपोआपही उतरतो, त्यामुळे अर्काचा वाटा किती हे आमचा थर्मामीटर सांगू शकत नव्हता. तरी वैद्यबुवा खूश झाले. म्हणाले, "पुन्हा जा, जास्त पाला आणा."

मी गेलो नाही. कार्तिकात वाईला नात्यातलं लग्न होतं. तिथे ओढ्याकाठी किराईत माजलं होतं, शेंगांनी लगडलेलं. झाड तेच, पाला तोच, मग एवढी पायपीट कशाला, असा मी विचार केला. पोतं भरलं, सांगलीला आणलं आणि पोत्याच्या चिठ्ठीवर मावशींच्या गावाचं नाव लिहिलं.

त्या अर्काने कुणालाच गुण आला नाही.

पुढच्या पावसाळ्यात मावशी स्वतः नवं गाठोडं घेऊन औषधशाळेच्या पायरीवर उभ्या राहिल्या. वैद्यबुवांनी गाठोडं सोडूसुद्धा दिलं नाही. "बाई, तुमच्या पाल्यात काही नाही. उगीच लोकांना नादी लावता."

"माजा पाला तसला न्हाई. ह्ये लेकरू उठलंय की त्यावर. इचारा त्याला."

वैद्यबुवा माझ्याकडे वळले. "काय हो?"

मी काचेची नळी पुसत होतो. ती पुसतच म्हणालो, "माझा ताप आपोआप उतरला असेल."

मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "बरं," म्हणाल्या, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि गेल्या. किराईताचं काम तिथेच बंद पडलं.

पुढे प्रयोगशाळेत, डासांनी पसरणाऱ्या विषाणूंवर वनस्पतींतलं काही चालतं का, हे शोधण्यात माझा जन्म गेला. औषध हाती लागलं नाही. पण पाला कधी तोडला, फूल होतं की नव्हतं, सावलीत वाळला की उन्हात, हे लिहिल्याशिवाय मी एकही नमुना घेऊ दिला नाही. या शिस्तीचं कौतुक झालं, सत्कारही झाला. ती शिस्त मावशींची. माझं पोट, मान आणि बहुधा माझा जीवही त्यांनी दिलेला. आजही घरात भरलेली बादली दिसली की मी पालथी करतो.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी एकदा धीर करून त्यांच्या गावी गेलो होतो. त्या दारातच बसल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "आला व्हय, डागदर? ताप पुन्ना न्हाई न्हवं आला?" भाकरी वाढली. गाठोडं तयारच होतं. "आवंदा लय ग्वाड पाऊस झाला, पाला बघा कसा हाय."

मी जेवलो, पाया पडलो, गाठोडं घेऊन परतलो. पुढच्या खेपेला सांगू, असं मनाशी म्हणालो. ती खेप होण्याआधीच त्या गेल्याचं कळलं.

मावशी, ते पोतं तुमचं नव्हतं. वाईच्या ओढ्यावरचं होतं, शेंगा धरलेलं. चिठ्ठी मी लिहिली होती. तुमच्या काढ्यानेच मी उठलो होतो, आणि त्या दिवशी पायरीवर हे मला ठाऊक होतं. चुकलो मी.