दोन्ही हात गुंतले तेव्हा

गडावर जायला निघाले तेव्हा माझ्या मनात भक्ती नव्हती. राग होता, आणि तो देवीवरच होता. माझी दोन मुलं पाळण्यातूनच गेली होती. तिसरं जगलं तर सप्तशृंगीच्या पायावर घालू, असा नवस सासूबाई बोलल्या होत्या. बाळ पाच महिन्यांचं झालं, चैत्राची यात्रा आली आणि नेमकी त्याला हगवण लागली. मी म्हटलं, जरा थांबू. मामंजी म्हणाले, नवस थांबत नसतो. माझ्या यजमानांना रजा नव्हती आणि असती तरी ते वडिलांपुढे बोलले नसतेच. नाशिकच्या वैद्यबुवांनी एवढंच बजावलं होतं की मूल दूध मागेल त्या क्षणी पाजा, घटकाभरही थांबू नका. पण आदल्या संध्याकाळपासून त्याने दूध मागितलंच नव्हतं.

मामंजी, सासूबाई आणि मी बाळाला घेऊन निघालो. दिंडोरीवरून सर्व्हिस मोटारीने वणी, तिथून बैलगाडी. सारी वाट मी त्याच्या ओठांना बोट लावून पाहत होते. ते कोरडे होते. मोटारीत दोनदा पदराखाली घेतलं, पण त्याने तोंड फिरवलं. मनात म्हटलं, आई, हाही तुला हवा असेल तर मला पायऱ्या तरी कशाला चढवतेस.

गडाच्या पायथ्याशी दुकानांची गर्दी होती. तिथे, भर बाजारात, त्याने डोळे उघडले आणि माझ्या चोळीवर तोंड घासू लागला. मी होते तिथेच, एका मण्यारणीच्या बांगड्यांच्या पालापुढे, मांडी घालून बसले आणि चोळीची गाठ सोडली.

मामंजी माघारी आले. "चारचौघांत काय हे? ऊठ. वर धर्मशाळेत पाज."

वर पोचायला दीड तास लागणार होता. त्या वाटेवर लंगोटी लावून बैरागी बसले होते, हौदावर पुरुष उघडेबंब आंघोळी करीत होते. त्यांच्याकडे पाहून कुणाची मान खाली जात नव्हती. लाज सगळी माझ्या एकटीच्या पदरात बांधून दिलेली. आजही हे लिहिताना कानशिलं तापतात. आणि खरं सांगते, त्याहून अधिक राग मला माझाच येतो. कारण मी उठले नाही, पण पदर ओढत राहिले. बाळ जरा तोंड लावी की मी उजव्या हाताने पदर त्याच्या तोंडावर घेई. उन्हात तो गुदमरे, स्तन सोडून देई, रडे. त्याचं रडणंही मांजराच्या पिलाएवढंच उरलं होतं. तरी माझा हात पदरावरच.

तेवढ्यात मण्यारणीने माझा तोच हात धरला. पन्नाशीची, मुसलमान बाई, विड्याने रंगलेले ओठ. मी काही म्हणायच्या आत तिने माझ्या मनगटातल्या जुन्या बांगड्या भराभर उतरवल्या, एकही ठेवली नाही. रीत अशी की एक तरी बांगडी हातात ठेवायची. ही रीत तिला माहीत नव्हती असं कसं होईल? पदर घसरला. डाव्या हातावर बाळ होतं, तो सावरायला मला हात नव्हता. बाळाने पुन्हा तोंड लावलं आणि या वेळी सोडलं नाही.

"ऊठ म्हणतो ना," मामंजी म्हणाले.

तेव्हा सासूबाई, ज्यांनी माझ्या देखत मामंजींना कधी उलट शब्द दिला नव्हता, हळूच म्हणाल्या, "तिचा हात रिकामा आहे. सवाष्णीला अशी उठवू नका."

मामंजी दोन पावलं मागे सरले. रिकाम्या हाताची सून उठवणं म्हणजे आपल्याच मुलाचं अशुभ चिंतणं, हे त्यांनाही पटण्यासारखं होतं. मग त्या बाईने माझा हात भरायला घेतला. इतक्या सावकाश बांगड्या भरणारी मण्यारीण मी जन्मात पाहिली नाही. एक चढवायची, रंग जुळत नाही म्हणून काढायची, दुसरी शोधायची. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते तिने पाहिलं.

"बघू दे लोकांना," ती म्हणाली. "बघतील अन जातील. त्यांच्या बघण्यानं पोराचं पोट भरत नाय, रिकामं बी व्हत नाय."

लोक खरोखरच पाहत होते आणि जात होते. उजवा हात भरला तेव्हा तिने स्वतःच बाळाला दुसऱ्या बाजूला वळवून दिलं आणि डावा हात मागितला. मी दिला. तेवढ्या वेळात मी देवीची प्रार्थना केली नाही, नवस आठवला नाही. फक्त त्याच्या घशाचा घुटक्, घुटक् आवाज ऐकत होते. दोन्ही हात हिरवे झाले तेव्हा तो पोटभर पिऊन, ओठांवर दूध ठेवून झोपला होता.

बांगड्या भरून झाल्या की भरणारीला नमस्कार करतात. माझ्या मांडीवर बाळ होतं, म्हणून माझ्या वतीने सासूबाई वाकल्या. मामंजी डोंगराकडे पाहत उभे राहिले.

वर देवीसमोर बाळाला पायावर घातलं. तिला अठरा हात आहेत. मी ते पाहत राहिले आणि तिच्याशी भांडायचं ठरवलेलं सगळं विसरले. उतरताना वाटत होतं, ती बाई आता तिथे नसेल. अशा अनुभवांत माणसं नाहीशी होतात असं ऐकलं होतं. पण ती होती, आणि एका गिऱ्हाइकाशी जोरजोरात हुज्जत घालत होती. मला त्याचंच जास्त समाधान वाटलं.

तो मुलगा आता बिगरीत जातो. माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा अशी प्रार्थनाही मी करीत नाही. शरण जाणं म्हणजे काय ते मी पोथीत शोधत होते. हातातला पदर सुटला तेव्हा ते मला थोडं कळलं, आणि सोडवणारी कोण होती तेही.

परवा दिंडोरीच्या मोटारीत एक कोवळी पोर रडणाऱ्या तान्ह्याला पदराखाली कोंबून घामाघूम झाली होती. समोरचा गृहस्थ घसा खाकरत होता. मी तिच्याशेजारी सरकले, तिचा पदरावरचा हात माझ्या हातात घेतला आणि तिचं गाव येईपर्यंत सोडला नाही.