ओठांवरची बोटं

मुलांनो, परवा फोनवर तुमच्या शाळेतल्या भाषेचा विषय निघाला आणि मला इकडे उत्तरेतल्या आमच्या मानक नगरच्या शाळेतले शिपाई आठवले. विसरण्याआधी लिहून ठेवते.

ते सकाळी माझ्या फाटकाशी थांबत. सगळं दोनदा बोलायची सवय. "नमस्ते माताजी, नमस्ते." हिंदी शाळा एकाएकी इंग्रजी माध्यमाची झाली, तेव्हा फळ्यावरच्या सूचना ते माझ्याकडून इंग्रजीत लिहून नेऊ लागले. अक्षरं चित्रासारखी उतरवत. मी हौसेने लिहून देई. एकदा म्हणाले, "बच्चे नहीं समझते, माताजी. हम भी नहीं, हम भी नहीं."

एके दिवशी प्रार्थनेची वेळ झाली, पण आवाजच आला नाही. मी गच्चीवर गेले; तिथून शाळा दिसते. मैदानात सगळी मुलं रांगेत उभी होती, प्रत्येकाचं बोट स्वतःच्या ओठांवर. वर्गात कोणी हिंदी बोललं की बाई हीच शिक्षा देत. हजेरीला कोणी उत्तर देईना. कबुतरांचे पंख तेवढे ऐकू येत होते.

मुख्याध्यापक शिपायांवर ओरडले, "घंटी बजाओ, नहीं तो नौकरी गई।"

शिपायांनी हातोडी खाली ठेवली आणि आपलं बोट ओठांवर नेलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहत राहिले. माझा हात ओठांपर्यंत गेला नाही.

तीन दिवस शाळा तशीच मुकी राहिली. चौथ्या दिवशी हिंदी परत आली.

शिपायांची नोकरी टिकली. फाटकाशी ते आता थांबत नाहीत. वर्ग हिंदीत चालतात आणि घंटा अजून तेच देतात.