टेफ्लॉनची डबी

त्याचं आणि माझं घर पिंपरीत एकाच कॉलनीत, आमचे वडील चिंचवडच्या एकाच कंपनीत आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत आमचे सरही एकच. शिष्यवृत्तीही एकच होती. ती दोघांपैकी कोणाला द्यायची, हे सर दिवाळीनंतर ठरवणार होते. ती मिळाली नाही तर संशोधन सोडून कुठेतरी टायपिस्ट व्हायचं, असं माझ्या घरात ठरलेलं होतं. तो मात्र रोज बसमध्ये माझ्यासाठी जागा धरून ठेवायचा. मला त्याचाही राग यायचा.

आमचं काम असं. धुण्याच्या सोड्यासारख्या साध्या पदार्थावर न्यूट्रॉनचा मारा केला की त्यात न्यूट्रॉन जास्त झालेली हलकी अणुकेंद्रं तयार होतात. ती टिकत नाहीत. मिनिटाच्या आतच निम्मी संपतात. मारा थांबला की सोड्याची पुडी उचलायची आणि व्हरांड्यातून पळत मोजणीच्या खोलीत न्यायची. मी पदर खोचून पळायचे. पोचेपर्यंत बरंच काही संपलेलं असायचं.

त्याने पळणं बंद केलं. त्याचे वडील टर्नर, मूळचे निघोज्याचे. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत लेथवर त्याला एक डबी करून दिली. सोड्यासकट ती माऱ्याखाली ठेवायची, मग दोन्ही खोल्या जोडणाऱ्या नळीत घालून मागून दाबाची हवा सोडली की पापणी लवायच्या आत मोजणीच्या खोलीत. "टेफ्लॉनची हाय, नळीला घासत न्हाई," ते मला कौतुकाने सांगत होते. माझे वडील टाइम ऑफिसात कारकून. त्यांना लोकांच्या हजेऱ्या मांडण्यापलीकडे काही येत नव्हतं. घरी गेल्यावर मी त्यांच्याशी धड बोललेही नाही, इतकी मी जळत होते.

मग त्याच्या आलेखात एक अनोळखी टोक दिसू लागलं, अर्ध्या मिनिटात निम्मं होणारं. सर खूश. माझी अन्नावरची वासना उडाली. आणि एके दिवशी बसमध्ये, त्याने धरलेल्या जागेवर बसलेली असतानाच, डोक्यात प्रकाश पडला. टेफ्लॉनमध्ये फ्लोरीन असतं. न्यूट्रॉन काही सोडा तेवढा निवडून त्यावर पडत नाहीत, डबीवरही पडतात.

त्याला तिथेच सांगता आलं असतं. मी सर येईपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "अरे, एकदा रिकामी डबी टाकून बघ ना."

रिकाम्या डबीनेही तेच टोक दाखवलं. फ्लोरीनपासून झालेला ऑक्सिजन होता तो, नेहमीपेक्षा तीन न्यूट्रॉन जास्त असलेला. त्याचा चेहरा उतरला. मला इतकं बरं वाटलं की मी सगळ्यांसाठी चहा सांगितला.

चहा आला तरी सर आलेखावरच वाकलेले. त्याला म्हणाले, "सोडा राहू दे. हा ऑक्सिजन इतका स्वच्छ आपल्याकडे कधीच दिसला नव्हता. आता याचाच क्षय मोज."

"सर, मी मोजू का? माझ्या लक्षात आलं म्हणून..."

"तू पळत आणेपर्यंत त्यात उरेल काय?" ते सहज बोलून गेले.

शिष्यवृत्ती त्याला मिळाली. संध्याकाळी तो पेढे घेऊन आमच्याकडे आला, आईच्या पाया पडला आणि म्हणाला, "काकू, खरं तर हिच्यामुळेच मिळाली." अगदी मनापासून म्हणाला. टोमणा मारला असता तर जन्मभर मला त्याचा सुखाने द्वेष करता आला असता. तेवढंही त्याने माझ्यासाठी ठेवलं नाही.