पाचव्या शीलापाशी

आमच्या बाबांना खोटं बोलता यायचं नाही, आणि याच एका गुणाने त्यांचा घात केला असं मी आजही म्हणते. लोक म्हणतात दारूने केला. दारूने केलाच, तिला मी सोडत नाही. पण दारू पिणारी माणसं आमच्या चाळीत पुष्कळ होती, आणि त्यातली बरीचशी चांगली म्हातारी होऊन गेली.

आम्ही विक्रोळीला पार्कसाइटच्या चढावर राहायचो. एक खोली, वर पत्रा, पुढे बसण्यापुरता ओटा. आजी, आई, बाबा आणि मी. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. रोज दिवेलागणीला घरात बुद्धवंदना व्हायची. मेणबत्ती लावायची, ओळीने बसायचं, बाबांनी सांगायचं आणि आम्ही मागून म्हणायचं. बाबांचा आवाज असा होता की शेजारच्या मावशी स्टोव्ह बारीक करून ऐकत बसायच्या. त्रिशरण झालं की पंचशील. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही. ही चार शीलं बाबा खणखणीत सांगायचे. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. तिथे आले की ते ओठ मिटून घ्यायचे. ते शब्द आई, आजी आणि मी आपापले म्हणायचो. आजी तर मुद्दाम आवाज चढवून, मुलाच्या कानाशी. बाबा मान खाली घालून ऐकायचे आणि शेवटच्या ‘साधु, साधु’ला पुन्हा आवाज लावायचे. खूप लहान असताना मला वाटायचं, पाचवं शील फक्त बायकांचंच असतं.

बाबा भांडुपच्या एका कंपनीत लेथ मशीनवर टर्नर होते. प्यायले तरी त्यांनी आम्हाला कधी बोट लावलं नाही. मारलं असतं तर निदान मनसोक्त राग तरी धरता आला असता. ते नुसते कुठेतरी पडायचे. बाजारात, नाल्याच्या कठड्याशी, एकदा माझ्या शाळेच्या फाटकासमोर. आई एक हात धरायची, मी दुसरा. शुद्धीवर आले की रडायचे, पण ‘उद्यापासून सोडतो’ असं मात्र त्यांनी कधी म्हटलं नाही. बाकीच्या घरांतले बाप दर पगाराला पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घ्यायचे. आमचे बाबाही माझ्या डोक्यावर हात ठेवायचे, आणि गप्प राहायचे.

आजीला हे मुळीच समजायचं नाही. साताऱ्याकडच्या तिच्या गावात, तरुणपणी, धर्म बदलला तेव्हा सगळ्या वस्तीने एका दिवसात जुने देव नदीत सोडले होते. आजोबांनी त्याच दिवशी बाटली सोडली आणि मरेपर्यंत परत हातात धरली नाही. आजी ते डोळ्यांनी बघितलेली बाई. तोंडाने शील घेतलं की ते पाळलं जातं, हा तिच्यासाठी अनुभव होता. ‘‘तुझ्या बापानं एका शब्दात सोडली,’’ ती बाबांना म्हणायची. ‘‘तुझ्या जिभेला काय झालंय रे?’’

मग एक दिवस कंपनीने आईला बोलावून घेतलं. लेथवर बाबांचे हात थरथरताना सुपरवायझरने पाहिलं होतं. तिथल्या वेल्फेअर ऑफिसर एक बाई होत्या. त्या आईला म्हणाल्या, ‘‘ताई, हा आजार आहे. ओरडून बरा नाही व्हायचा.’’

आई म्हणाली, ‘‘आजारी माणूस आपल्या पायाने गुत्त्यावर जातो होय?’’

बाई हसल्या नाहीत. घाटकोपरच्या एका म्युनिसिपल शाळेत संध्याकाळी दारू सोडलेल्यांची आणि सोडू बघणाऱ्यांची मीटिंग भरते, तिथे यांना पाठवा, नाहीतर मला यांची नोकरी वाचवता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. बाबा गेले. दुसऱ्या दिवशी परत गेले. आठवड्यातून एकदा घरच्यांनाही येऊ देत, तेव्हा आई मला घेऊन गेली.

तो पहिलीचा वर्ग होता. भिंतीवर गाय, घर, छत्री. इवल्याशा बाकांवर मोठमोठे पुरुष गुडघे छातीशी घेऊन बसलेले. मला हसू आवरेना, आईने चिमटा काढला. एकेक जण उठायचा, आपण दारुडे आहोत असं स्वतःच्या तोंडाने सांगायचा आणि मग काय काय केलं ते. कोणी कोणाला नावं ठेवत नव्हतं. एक बस कंडक्टर होते, मालवणकडचे, काळेसावळे. आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो. ते म्हणाले, ‘‘जन्मभराची शपथ कोणी घेव नका. आजच्या दिवसापुरती नको म्हणा. उद्याचा उद्या बघू.’’

मग बाबा उठले. भर वर्गात, आईसमोर, माझ्यासमोर, म्हणाले, ‘‘मी दारुडा आहे. आज प्यालो नाही.’’ एवढंच बोलून खाली बसले. त्यांचा तो आवाज मी फक्त वंदनेत ऐकला होता. आई पदरात तोंड घालून रडली, आणि मीही रडले, मघाशी हसल्याचं विसरून.

आजीला घरी येऊन सांगितलं, तर ती भडकली. ‘‘आजच्या दिवसापुरती? म्हणजे उद्या प्यायला मोकळा! ही कसली सोडायची रीत?’’

पण रीत कसलीही असो, बाबा पीत नव्हते. दिवस जात होते आणि ते पीत नव्हते. घरात हळूहळू एक माणूस दिसायला लागला, तो आधी कुठे होता कोण जाणे. तो माझ्या भूमितीच्या वहीत हात घालायचा, रविवारी बोंबील साफ करायला बसायचा, आईला ‘‘अगं, जरा बस की’’ म्हणायचा. मीटिंग चुकवायचा नाही. कंडक्टर काका ड्यूटी संपवून कधीकधी घरी यायचे, ओट्यावर बसून चहा प्यायचे, दोघे बोलायचे थोडंच. आईने इतक्या वर्षांत पहिल्यांदा भिशी लावली. आता घरात पुढच्या महिन्याबद्दल बोलता येत होतं.

वंदनेला मात्र बाबा पाचव्या शीलापाशी अजूनही गप्पच. मी विचारलं, ‘‘आता तर पीत नाही ना तुम्ही? मग म्हणा की.’’

‘‘ते कायमचं आहे गं,’’ बाबा म्हणाले. ‘‘माझ्याकडे रोजचा एकच दिवस असतो. तो संपला की दुसरा मागायचा. जे हातात नाही ते देतो म्हणून कसं सांगू?’’

त्या वैशाखात आमच्या विहारात नवी मूर्ती बसायची होती. विहार म्हणजे चाळीच्या टोकाची पत्र्याची खोलीच, पण सगळ्यांनी घाम गाळून उभी केलेली. अध्यक्ष घरी आले. चांगला माणूस, पोरांच्या फियांसाठी दारोदार हिंडणारा. म्हणाले, ‘‘पौर्णिमेला सगळ्यांना शील तूच द्यायचंस. तुझ्यासारखा आवाज आहे कोणाकडे? आणि लोकांना कळू दे, आपला माणूस सुटला ते.’’

बाबा म्हणाले, ‘‘मी पाचवं म्हणत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.’’

‘‘अरे, म्हणूनच! अख्ख्या वस्तीसमोर एकदा म्हण. मग पाय घसरायचाच नाही.’’

काका त्या दिवशी ओट्यावरच होते. ते म्हणाले, ‘‘नको रे. घाई कित्याक?’’ पण काका परके. आजीने तर ताटावरून उठून सांगितलं, की तिला मरायच्या आधी मुलाच्या तोंडून ते शील ऐकायचं आहे. आईने पांढरा सदरा शिवायला टाकला. आणि मी? मला वर्गातल्या मुलींना बोलवायचं होतं. इतकी माणसं इतक्या प्रेमाने मागं लागल्यावर बाबा नाही कसं म्हणणार होते!

पौर्णिमेला त्यांनी म्हटलं. पाचही. पाचव्याला आवाज किंचित चिरकला, मग स्थिर झाला, आणि मागून सगळ्या वस्तीने ते म्हटलं. बायका डोळे पुसत होत्या. आजीने मुलाचं तोंड दोन्ही हातांत धरून कुरवाळलं. मला विचाराल तर माझ्या आयुष्यात तितका आनंदाचा दिवस परत आला नाही. लग्नातही नाही.

त्यानंतर बाबा वस्तीचे ‘गुरुजी’ झाले. बारसं असो, लग्न असो, शील द्यायला त्यांनाच बोलावणं. विहारात संध्याकाळी मुलांचा वर्ग त्यांच्याकडे दिला. ती नेमकी मीटिंगची वेळ. अध्यक्ष म्हणाले, ‘‘आता कशाला त्या बेवड्यांत जायचं? कोणी पाहिलं तर काय म्हणेल, आमचे गुरुजी तिथे बसतात?’’ आईलाही ते पटलं. बरा झालेला माणूस दवाखान्यात कशाला जाईल? बाबा आधी आठवड्यातून एकदा जात राहिले, मग जायचेच बंद झाले. काका दोनदा येऊन गेले. बाबा घरी नव्हते, एका साखरपुड्याला गेले होते.

दिवाळीच्या आसपास बाबांच्या खात्यातला एक सोबती मशीनमध्ये सापडून चिरडून मेला. त्याला उचलणाऱ्यांत बाबा होते. त्या संध्याकाळी ते प्यायले. त्यात नवल काही नव्हतं. मीटिंगमधल्या कोणालाही विचारलं असतं, तर त्याने हेच सांगितलं असतं. बाबा घरी आले तेव्हा आईने नुकतीच मेणबत्ती लावली होती. आम्ही तिघी बसलेल्या. वास आला. आजीने डोळे मिटून घेतले. बाबा आमच्याकडे बघत दारातच उभे राहिले, आणि तसेच मागे वळून निघून गेले. त्यानंतर ते वंदनेला कधीच बसले नाहीत. विहाराकडची वाट सोडून नाल्याकडून, लांबून यायला लागले.

आई स्वतः घाटकोपरला गेली आणि काकांना घेऊन आली. मी कोपऱ्यात अभ्यासाचं सोंग करून ऐकत होते. काका म्हणाले, ‘‘बाबा रे, मी चार येळा पडलंय. चारय येळा परत इलंय. कोणी माका हाकलूक नाय. चल, परत पयल्या दिवसापासून.’’

बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, ‘‘दारुडा होतो तोवर तुमच्याकडे येत होतो, काका. आता मी खोटारडा आहे. चारशे माणसांकडून मी ते म्हणून घेतलंय. लहान लहान पोरांकडून घेतलंय.’’

‘‘त्या पोरांका कोण सांगता?’’

‘‘मला ठाऊक आहे ना.’’

काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाबांनी तो झटकला नाही, पण उठलेही नाहीत. काका त्यानंतरही येत राहिले. आजीने शेवटी मुलाच्या पायाशी बसून सांगितलं, ‘‘नको म्हणू बाबा पाचवं. कधीच नको म्हणू. पण त्या शाळेत जा.’’ जिने एका शब्दाच्या बळावर अख्खं आयुष्य काढलं, त्या बाईला हे म्हणताना काय झालं असेल, ते मी स्वतः आई झाल्यावर मला कळलं. बाबांनी तिला उठवून खाटेवर बसवलं. गेले मात्र नाहीत. नोकरी गेली. मग पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, आणि पुढच्या उन्हाळ्यात म्युनिसिपल हॉस्पिटलात ते गेले. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते.

विहारात शोकसभा झाली. बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन’. एकेक जण उठून बाबांच्या आवाजाबद्दल बोलला. दारूचा शब्द कोणी काढला नाही. त्यांना वाटत होतं, ते आमची लाज राखत आहेत. शेवटी अध्यक्ष उठले आणि त्यांनीही ‘अल्पशा आजाराने’ म्हणूनच सुरुवात केली. तेव्हा आई उभी राहिली. चार माणसांत कधी न बोललेली माझी आई.

‘‘अल्पसा नव्हता, भाऊ,’’ ती म्हणाली. ‘‘मी लग्न होऊन आले तेव्हापासूनचा होता. दारूचा आजार होता. त्यांना त्यावर औषध सापडलं होतं, घाटकोपरच्या शाळेत. आपण सगळ्यांनी, मी पण, त्यांना तिथून उठवून इतकं उंच बसवलं, की पडल्यावर परत तिथे जायला त्यांना तोंड उरलं नाही.’’ मग ती खाली बसली. अध्यक्षांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मला त्यांची दया आली नाही.

दोन दिवसांनी, दुपारी, आमच्याच ओळीतला एक रिक्षावाला ओट्यापाशी येऊन उभा राहिला. रोज पिणारा, बायकोला मारणारा. चप्पल न काढता, खालच्या आवाजात म्हणाला, ‘‘वहिनी, ती शाळा कुठंशी आहे?’’ आईने त्याला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि स्टेशनपासून कसं जायचं ते नीट समजावून सांगितलं.

तो सुटला. अजून आहे. नातवंडांना खांद्यावर घेऊन हिंडतो. मला कुठे भेटला की हात जोडतो, तुझ्या आईमुळे वाचलो म्हणतो. मी हसते, बरं वाटलं म्हणते. त्याचं बरं झालं, ते व्हायलाच हवं होतं, हे मला कळतं. पण तो पुढे गेला की मला त्याचा असा राग येतो, असा राग येतो, की रस्त्यातच रडू फुटतं. त्या पहिलीच्या वर्गातल्या बाकावर माझे बाबा बसायचे हो. ती त्यांची जागा होती.