वालांची तुकडी परत आली

शरयूताई मुणगेकरांची आणि माझी पहिली भेट मुलुंडच्या एका वाचनालयाच्या सभागृहात झाली. मी माझी विज्ञानकथा वाचून दाखवली होती. तीत ग्रहच्या ग्रह बेचिराख झाले होते आणि टाळ्याही बऱ्या पडल्या होत्या. चहाच्या वेळी ताई जवळ आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "विवेक, तुझ्या सैन्याला जेवायला कोण घालतं रे?" ताई कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे उत्तराची वाट बघत त्या तशाच उभ्या राहिल्या. उत्तर आलंच नाही, तेव्हा त्यांनी मला रविवारी घरी जेवायला बोलावलं. ती रविवारची वहिवाट आजतागायत चालू आहे.

त्या वेळी ताई 'परतीची कक्षा' लिहीत होत्या. कादंबरीची नायिका सेनापती यामिनी. एकही लढाई न हरलेली, शत्रूची चाल त्याच्याआधी ओळखणारी. ताईंची पद्धत अशी, की प्रत्येक अंतराळयुद्ध आधी जेवणाच्या टेबलावर मांडायचं आणि मगच कागदावर उतरवायचं. राजमा म्हणजे शत्रूची यानं, चवळी म्हणजे आपली. ताईंचे यजमान अण्णा बिचारे गॅलरीत स्टुलावर ताट घेऊन बसत आणि आमच्याकडे युद्धबंदी कधी, एवढंच विचारत. पण इंधन किती उरलं, जखमींना कोण आणणार, हे ठरल्याशिवाय ताईंनी एकही यान हलवलं नाही. म्हणून यामिनी हुशार आहे असं कुठे सांगावं लागत नाही, वाचकाला ते दिसतं. आम्हा लिहिणाऱ्या मंडळींना ही शिस्त ताईंनी लावली, आणि कान धरून लावली.

घोडं अडलं ते शेवटच्या लढाईत. जिंकायचं तर एका तुकडीला आमिष म्हणून पुढे पाठवणं भाग होतं, आणि ती परत येणार नव्हती. त्या तुकडीसाठी ताईंनी कडवे वाल निवडले, एका वाटीत काढून ठेवले आणि व्याख्यानासाठी दोन दिवस नागपूरला गेल्या. प्रकाशकांनी हाच शेवट ऐकून कादंबरी स्वीकारली होती. मलाही तो झकास वाटत होता.

ताई परतल्या तर वाटी रिकामी. अण्णांना वाटलं, बायको बिरड्यासाठी वाल काढून विसरली. त्यांनी ते इमानेइतबारे भिजवले आणि फडक्यात बांधून ठेवले. ताईंनी पुरचुंडी सोडली तेव्हा मी समोरच होतो. सगळ्या वालांना मोड आले होते. मी हसत सुटलो. ताई हसल्या नाहीत. एक वाल तळहातावर घेऊन म्हणाल्या, "यांना मोड आलेत रे. आता मरायला कसं पाठवू?"

दुपारी आम्ही त्याच तुकडीचं बिरडं करून चापलं, तो भाग निराळा. फर्मास झालं होतं. पण ताईंनी शेवट बदलला. नव्या शेवटात यामिनी जिंकता येणारी लढाई सोडते आणि सगळ्यांना घरी आणते. प्रकाशक म्हणाले, असला सेनापती कोण वाचणार? जुना शेवट द्या, नाहीतर बाड घेऊन जा. मी तर ताईंशी कडकडून भांडलो. एवढ्या वर्षांची मेहनत काय वालांपायी घालवायची? ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बाड परत आणलं. पुढे ते कितीतरी दारं हिंडलं. शेवटी बोरिवलीच्या एका छोट्या प्रकाशकांनी ते छापलं, आणि आज कॉलेजातली मुलं त्या शेवटावरून हमरीतुमरीवर येतात. मीही येत असे. जुना शेवटच थरारक होता, हे मी ताईंना तोंडावर सांगत आलो.

यंदा ताईंच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. या वयात धोका मोठा आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. इस्पितळात जायला निघताना ताई उसनं अवसान आणून आपल्यामागे कुठली पुस्तकं कोणाला द्यायची ते मला सांगत होत्या. तेवढ्यात अण्णा स्वयंपाकघरातून पातेलं घेऊन बाहेर आले. आयुष्यात कधी चार वाक्यं सलग न बोललेला माणूस.

"शरयू, वाल भिजत घातलेत," ते म्हणाले. "तू येशील त्या दिवशी ताजे मोड हवेत, म्हणून रोज घालीन. सोलायला मात्र तू ये."

ताईंनी पुस्तकांचं बोलणं तिथेच थांबवलं.

अण्णांनी खरोखर रोज वाल घातले. इमारतीतल्या एकूण एक घराने बिरडं खाल्लं, वॉचमनसुद्धा कंटाळला. आणि एका सकाळी ताई घरी आल्या, टेबलाशी बसल्या आणि हळूहळू वाल सोलू लागल्या. अण्णा शेजारी बसून नुसते बघत होते. मला रडू आवरेना. 'परतीची कक्षा'चा शेवट मला त्या दिवशी पटला, आणि तो बरोबर आहे हे मी इथे सर्वांसमक्ष लिहून देतो.

ताई, पंचाहत्तरी झाली, आता पुढची लढाई मांडा. ठणठणीत राहा आणि आणखी खूप वर्षं ते टेबल असंच अडवून ठेवा. आम्ही सगळे गॅलरीत स्टुलावर जेवू.