आत्यांचं तुरीतलं वैर

माझ्या आत्या ढेकूण मारण्याआधी त्याच्याशी बोलायच्या. तुरीच्या झाडाखाली काळी छत्री उलटी धरायची, झाड हलवायचं, आणि छत्रीत पडलेला, शेंगांचा रस शोषणारा एकेक हिरवा ढेकूण दगडावर ठेवून म्हणायचं, "तुज्या बापानं माजी तूर खाल्ली." मग वरून दुसरा दगड. चिरडलेल्या ढेकणाच्या घाण वासानं मी नाक दाबायचे. आत्यांना तो आवडायचा, असं मला वाटतं. गेल्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्याबद्दल असं लिहावं की नाही, कळत नाही.

आत्या माकणी गावच्या. मालक वारल्यावर एकटीनं पेरलेली त्यांची पहिली तूर ढेकणांनी शोषली होती. शेंगा बाहेरून ठीक, आत सुरकुतलेला दाणा. मळणीला दीर आले आणि सगळ्यांसमोर हसले. दिरांना आत्या काही बोलल्या नाहीत. ढेकणांना मात्र त्यांनी पुढं एकही वर्ष सोडलं नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. शेवटच्या वर्षी मला प्रकल्प मिळाला, पिकांवरच्या ढेकणांची आपसातली नाती शोधायची. आत्यांना म्हटलं, चिरडू नका, या स्पिरिटच्या बाटलीत टाका. बाटलीत मरतात का, तडफडतात का, हे विचारून घेतलं आणि मगच त्यांनी बाटली हातात घेतली.

मी अडखळत समजावलं, की पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, त्यांचा डीएनए वेगळा असतो आणि तो फक्त आईकडून येतो. तो जुळवला की कोण कुणाचं, ते कळतं.

"बापाकडून कायच न्हाय?"

"त्यातलं नाही, आत्या."

दुसऱ्या दिवसापासून शिव्या ढेकणांच्या आईला सुरू झाल्या.

बाटलीत काही तपकिरी ढेकूणही निघाले, खांद्यावर काटे असलेले. डीएनए जुळवल्यावर तेही हिरव्यांच्याच घराण्यातले ठरले. पण आमच्या कॉलेजातल्या बाईंनी सांगितलं, की ही शाखा झाडाचा रस सोडून शिकारीला लागलेली आहे, ती अळ्या खाते. त्या वर्षी तुरीवर शेंगा पोखरणारी अळी पडली होती, आणि आत्या तिचेच वैरी रोज मारत होत्या. त्यातले निम्मे माझ्या बाटलीसाठी.

रविवारी शेतात जाऊन मी सगळं सांगितलं. तपकिरी सोडा म्हटलं, नाहीतर यंदाची तूर अळी खाईल.

"खानदान एकच ना?"

"एकच आहे."

"मंग कशाला सोडू? दीर बी त्येच म्हनायचे, आपलं घर एक हाय."

त्यांनी एक तपकिरी दगडावर ठेवला. मी त्यांचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदाच. शेजारच्या शेंगेकडं बघा म्हटलं. तिथं एका तपकिरी ढेकणानं जाड अळीत सोंड खुपसली होती. अळी वळवळत होती, ढेकूण हलत नव्हता.

आत्या खाली बसल्या. ऊन डोक्यावर आलं तरी उठल्या नाहीत. अळीसाठी त्यांच्या चेहऱ्यावर दया येईल म्हणून मी वाट पाहत होते. अळी रिकामी होत लोंबायला लागली, तशा त्या पुढं झुकल्या आणि हळू आवाजात ढेकणाला म्हणाल्या, "सावकास पी, बाई. आपल्याला घाई न्हाय."