डेगेचं झाकण

मंगळवारी सकाळी ते गेले. बुधवारी दफन झालं. शुक्रवारी प्रार्थना आणि जेवण ठरलं, आणि जेवणाला भांडी नव्हती.

बाहेरगावच्या माणसाला यात विशेष वाटणार नाही. बिछायत केंद्रातून भांडी भाड्यानं आणता येतात. पण गेलेले गृहस्थ आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या भांड्यांचे कारभारी होते. देवळामागच्या खोलीत तांब्यापितळेचे गंज, पराती, घंगाळ आणि पंगतीच्या स्वयंपाकाची एक मोठी डेग असा सगळा संसार त्यांच्या ताब्यात होता. जुन्या लोकांनी तो लग्नामयताला उपयोगी पडावा म्हणून देवळाला दिलेला. त्यांच्याच जेवणाला खोली रिकामी असावी, याची सर्वांत जास्त गंमत त्यांनाच वाटली असती.

त्यांची एक सवय सांगतो. भांडं परत आलं की ते पालथं घालायचे, बोटाच्या पेरानं बुडावर टकटक करायचे आणि कान लावायचे. डॉक्टर पेशंटला तपासतो तसे. मग ज्यानं भांडं आणलं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहायचे की त्याला आपण भांडं नाही, मूल पळवलं होतं असं वाटावं.

"राखेनं घासलं का पावडरीनं?"

"राखेनंच, कारभारी."

"मले काय सांगता? मालक पाह्यते," असं म्हणून ते एक बोट वर करायचे. भांडी देवाची, आपण नुसते राखणारे, हा त्यांचा सिद्धान्त. देव वर बसून आमच्या गंजांची बुडं तपासतो, यावर मंडळीतल्या बाकीच्यांचा तितका विश्वास नव्हता. पण घासताना हात आपोआप जोरात चालायचा.

मागेल त्याला भांडी द्यायची, ही त्यांची रीत. जात-धर्म विचारायचे नाहीत. विचारायचे ते एवढंच, की ढवळायचा सराटा लोखंडी आहे की लाकडी. शेजारच्या गल्लीतल्या एका लग्नात ते आमंत्रण नसताना गेले आणि रटरटत्या वरणातून आचाऱ्याचा लोखंडी सराटा काढून घेतला. "खरवडून कल्हई गेली तं लोकायच्या पोटात जहर जाईन, भाऊ," असं सांगितलं आणि शांतपणे पंगतीत जाऊन बसले. नवरीच्या बापानं त्यांना आग्रह करून रोडगे वाढले. दुसरं काय करणार? डेग त्यांची होती.

आता बारशाची गोष्ट. एका हिंदू घरी बारसं होतं. बाळाच्या आंघोळीला मोठं घंगाळ पाहिजे होतं. कारभाऱ्यांनी दिलं. रविवारी बाप्तिस्मा निघाला, तेव्हा लक्षात आलं की दिलेलं घंगाळ बाप्तिस्म्याचं होतं. आमचे अध्यक्ष, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, नियमांनी भरलेले, रागानं लाल झाले.

"बाप्तिस्म्याच्या घंगाळात बारशाचं बाळ?"

"बाळच बसलं न साहेब. बकरा तं नाही बसोला."

"पावित्र्य नावाची काही गोष्ट असते, कारभारी!"

"हाव. म्हनून तं घासून आनलं."

कमिटीनं ठराव करून त्यांना समज दिली. त्यांनी ती घेतली, आणि घंगाळ पुढच्या बारशाला दिलं.

माझी पत्नी गेली तेव्हा पाळकांच्या आधी ते दारात हजर होते, डोक्यावर गंज घेऊन. मी ग्रंथालयात नोकरी केलेला माणूस. उसनं दिलेलं परत येत नाही, हे मला चांगलं ठाऊक. पण त्या दिवशी काय लागतं आणि कुठून येतं, हे काहीच सुचत नव्हतं. माणसं सांत्वन करून गेली. संध्याकाळी पाहिलं तर कारभारी परसात एकटेच राख घेऊन गंज घासत बसलेले. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

गंज पालथा घालून म्हणाले, "बुडाले पोचा आला, सर. तुमच्या पाव्हन्यानं आदळला."

त्या दिवशी लोकांनी मला आत्मा, स्वर्ग, धीर यांबद्दल पुष्कळ सांगितलं. त्यातलं एकही वाक्य मला आठवत नाही. पोचा आठवतो.

मग भाद्रपदात आमच्या देवळात कारभारीपणाचा रविवार पाळला गेला. देवानं सोपवलेलं विश्वासूपणे सांभाळावं, या विषयावर अध्यक्षसाहेब बोलले. फार सुंदर बोलले. कारभारी शेवटच्या बाकावर बसून मान डोलवत होते. भाषणाच्या शेवटी अध्यक्षांनी जाहीर केलं, की जुनी भांडी पडून आहेत, तांब्याला भाव आहे, ती मोडीत काढून देवळाला नवीन साउंड सिस्टिम घ्यावी. व्यापारी गुरुवारी येईल. विश्वासू कारभारीपणाचं इतकं ताजं उदाहरण त्याच भाषणात मिळेल, असं कुणाला वाटलं नव्हतं.

कारभाऱ्यांची मान डोलायची थांबली.

बुधवारी तिन्हीसांजेला ते माझ्या दारात आले. डोक्यावर डेगेचं झाकण.

"सलाम, सर. हे ठेवा."

"मी एकटा माणूस. एवढं झाकण कशाला मला?"

"तुमच्याकडं झाकन. डेग दुसरीकडं. दोन्ही एका घरी असले म्हंजे इकनाऱ्याले सोपं पडते."

गुरुवारी व्यापारी काटा घेऊन आला. खोली उघडली. आत एक झाडू होता.

"भांडी कुठं आहेत?" अध्यक्षांनी विचारलं.

"उसने देल्ले."

"सगळी? एकदम?"

"लग्नसराई हाय, साहेब."

"भाद्रपदात? पितृपक्षात?"

"आपल्यात कुठी पितरपाट पाह्यतेत?"

व्यापारी हसला. अध्यक्ष हसले नाहीत. कुणाकुणाकडे दिली याची नोंद त्यांनी मागितली. नोंद नव्हती. कारभाऱ्यांनी कधीच ठेवली नव्हती. त्यांना कुणी परत दिलं नाही असं झालंच नव्हतं. साउंड सिस्टिम आली नाही. अध्यक्षांचा आवाज तसाही शेवटच्या बाकापर्यंत पोचतो.

झाकण मी भिंतीला टेकवून ठेवलं होतं. पुढं त्यावर वर्तमानपत्रं साचली. एकदा कारभारी आले आणि ते दृश्य बघून दारातच थांबले. "काऊन हो, सर? त्याले आंघोळ घालत जा ना मधून मधून."

दिवाळीनंतर त्यांना धाप लागू लागली. दवाखान्यात भेटायला गेलो, तर खाटेच्या लोखंडी कडेवर पेरानं टकटक करत होते. म्हणाले, "आतून पोकय हाय." मग माझ्याकडे बघून, "मी गेल्यावर साहेब भांडे मांगून खोली भरून घेईन, सर." मी म्हणालो, असं काही होणार नाही. त्यांनी बोट वर केलं. नेहमीचं वाक्य बोलण्याइतका श्वास नव्हता.

तर तो शुक्रवार. अध्यक्ष बिछायत केंद्राला फोन लावत होते. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतून परात आली. मागोमाग बारशाच्या घरची सून घंगाळ घेऊन आली. आमच्या मागे राहणाऱ्या खालाजान दोन नातवंडांकडून गंज उचलवून आल्या. वडनेर भोलजीहून रिक्षातून डेग आली. मी झाकण नेलं. कुणी कुणाला निरोप दिला नव्हता. जेवण आहे एवढं कळलं होतं. सगळी भांडी राखेनं घासलेली. पावडरीचा कुणाला धीर झाला नसावा.

वांग्याची भाजी लाकडी सराट्यानं ढवळली गेली.

अध्यक्षांनी अंगणातून फेरी मारली. समाधानानं म्हणाले, "सगळी आली वाटतं. जेवणं झाली की खोलीत ठेवा. मी कुलूप आणलंय."

खालाजान खरकटा गंज कमरेवर घेत म्हणाल्या, "असे खरकटे ठेवाव का देवाच्या खोलीत, साहेब? घासून आनतो ना."

"हाव, घासून आनतो," बारशाच्या घरची सून म्हणाली. डेग रिक्षात चढली.

त्याला आता बरेच महिने झाले. उन्हाळा गेला. लोक अजून घासत आहेत.

देवळामागच्या खोलीला नवीन कुलूप आहे. आत झाडू आहे. झाकण माझ्याकडे आहे. त्यावर वर्तमानपत्रं ठेवत नाही.